कागदावर उरलेले खेळ

मंडळी, 'मुस्तफा' आठवतोय का? आपल्यापैकी जे नव्वदच्या दशकात पुण्या-मुंबईत, नाशिक-कोल्हापुरात शाळा-कॉलेजात होते, त्यांना नक्की आठवेल. गल्लीच्या तोंडाशी एखादं व्हिडिओ गेम पार्लर, आत अर्धवट अंधार, गल्ल्यावर रुपयाला एक टोकन, आणि क्लासला जातो असं घरी सांगून आलेली पोरं! त्या खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली काढला. पण आपण सगळे त्याला त्यातल्या एका गड्याच्या नावानेच ओळखायचो. शेजारच्या मशीनवर 'किंग ऑफ फायटर्स' नाहीतर 'मेटल स्लग' असायचा. हे दोन्ही एसएनके या जपानी कंपनीच्या 'निओ जिओ' यंत्रावरचे.

आता गंमत बघा. ही एसएनके कंपनी आपण पोटापाण्यासाठी ज्या देशात येऊन राहिलो, त्या सौदी अरेबियाच्या हातात आली आहे. इथल्या मिस्क फाउंडेशनच्या एका कंपनीने २०२० मध्ये तिचे सुमारे ३३ टक्के शेअर घेण्याचं जाहीर केलं आणि २०२२ मध्ये हा वाटा ९६ टक्क्यांवर गेला. त्याआधीच, २०१८ मध्ये, 'किंग ऑफ फायटर्स १४' मध्ये 'नज्द' नावाची अबाया घातलेली सौदी तरुणी मारामारीला उतरली होती. २०२४ च्या उन्हाळ्यात रियाधला 'ईस्पोर्ट्स वर्ल्ड कप' झाला, तेव्हा आपल्या मुलांनी त्याची चर्चा करून घर कसं डोक्यावर घेतलं होतं, ते सांगायला नकोच.

पण हा लेख पार्लरमध्ये आलेल्या खेळांचा नाही. जे तयार झाले, मासिकात ज्यांचे फोटो छापून आले, पण जे पार्लरपर्यंत कधी पोहोचलेच नाहीत, अशा खेळांचा आहे.

बारशाआधीच नाव कापलं

पार्लरचा खेळ बाजारात आणण्यापूर्वी कंपन्या त्याची चाचणी घेत. एक-दोन तयार मशीन्स एखाद्या चालत्या पार्लरमध्ये नेऊन ठेवायची आणि काही दिवसांनी गल्ला मोजायचा. शेजारच्या मशीनपेक्षा नाणी कमी पडली, की विषय संपला! दोन-दोन वर्षांची मेहनत कपाटात जायची. 'मार्बल मॅडनेस' हा अटारी कंपनीचा १९८४ चा गाजलेला खेळ. त्याचा दुसरा भाग १९९१ मध्ये तयार झाला, पण चाचणीच्या वेळी सगळी गर्दी 'स्ट्रीट फायटर २' भोवती. दुसरा भाग गुंडाळला गेला. अटारीच्याच 'अक्का आर' या १९८२ च्या खेळाचं दुखणं निराळं. तो लोकांना फारच कठीण वाटला. जपानमध्ये 'वंडर बॉय'वाल्या वेस्टोन कंपनीने सेगासाठी 'क्लॉकवर्क अक्वॅरिओ' हा गोजिरवाणा खेळ केला होता, तोही नव्वदच्या दशकातल्या मारामारीच्या लाटेत वाहून गेला.

एसएनकेच्या निओ जिओची तऱ्हा थोडी वेगळी. १९९० साली आलेल्या या यंत्रात कार्ट्रिज बदललं की खेळ बदलायचा. त्यामुळे बाहेरच्या छोट्या कंपन्याही त्यासाठी खेळ बनवत. डेटा ईस्टचा 'घोस्टलॉप', फेस कंपनीचा 'ड्रॅगन्स हेवन' हे असेच तयार होऊन राहून गेले. खुद्द एसएनकेमध्ये 'गारो: मार्क ऑफ द वुल्व्ज' या १९९९ च्या खेळाचा पुढचा भाग चालू होता, २००१ मध्ये कंपनीचंच दिवाळं निघालं आणि तो अर्ध्यावर राहिला. पुढचा भाग म्हणून 'सिटी ऑफ द वुल्व्ज' आला तो थेट एप्रिल २०२५ मध्ये, सौदी मालकीखाली. पण तो नव्याने बनवलेला. जुना अर्धवट डाव मोडला तो मोडलाच.

मासिकांनी ठेवलेली नोंद

मग हे खेळ होते हे आज आपल्याला कसं कळतं? बऱ्याच वेळा जुन्या मासिकांमुळे. त्याचं कारण सोपं आहे. मासिक बाजारात येण्याच्या कितीतरी आधी मजकूर छापखान्यात जातो. प्रदर्शनात मांडलेल्या मशीनचा फोटो आणि 'लवकरच येत आहे' अशी चार ओळींची बातमी छापून होते. आणि इकडे कंपनी खेळ रद्द करते. कंपनी आपल्या फायली फेकून देते, पण वाचकांच्या घरी गेलेला अंक काही परत मागवता येत नाही! जपानचं 'गेमेस्ट' मासिक १९८६ ते १९९९ चाललं, अमेरिकेत 'प्ले मीटर' १९७४ पासून पार्लरवाल्या धंदेवाल्यांसाठी निघायचं. हौशी मंडळी या अंकांची पानं चाळतात, आलेल्या खेळांच्या यादीशी ताडून पाहतात आणि जो खेळ फक्त कागदावर सापडतो, त्याच्या मागावर निघतात.

आपल्याकडे शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची केली, ती आठवा. सूचीत नाव आहे म्हटल्यावर पुस्तक कुठेतरी असणार, या भरवशावर माणूस शोधत राहतो. नावच कुठे नसेल तर शोधणार काय?

शोध लागलाच, तर घाई करावी लागते, आणि इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. चाचणीच्या मशीनमधला खेळ बहुधा 'ईप्रॉम' चिपवर असतो. या चिपला वर काचेची छोटी खिडकी असते. त्यातून अतिनील किरण सोडले की आतला मजकूर पुसला जातो, म्हणून तिच्यावर कागदाचा स्टिकर चिकटवतात. आतली माहिती म्हणजे साठवलेला विद्युतभार. तो वर्षानुवर्षं हळूहळू झिरपत जातो. एक बिट पालटला तरी खेळ कधी अडखळतो, कधी सुरूच होत नाही. म्हणून चिप हाती लागली की आधी ती वाचून तिची नक्कल करतात. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी १९९७ मध्ये 'मेम' हा प्रोग्रॅम सुरू केला. त्यामुळे अशी नक्कल साध्या कॉम्प्युटरवर चालवता येते. 'अक्का आर' २०१९ मध्ये असा बाहेर आला, 'मार्बल मॅडनेस २' २०२२ मध्ये. 'क्लॉकवर्क अक्वॅरिओ' तर उरलेल्या साहित्यातून जुळवून, मूळ कलाकारांच्या मदतीने २०२१ मध्ये रीतसर विक्रीला आला!

यावर कोणी म्हणेल, पोरखेळ आहे, गेला तर गेला. पण अमेरिकेतल्या 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन'ने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा तिथे २०१० पूर्वी बाजारात आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ विकत मिळतच नाहीत असं दिसलं. जे विकले गेले त्यांची ही अवस्था, तर न विकलेल्यांचं काय? याच संस्थेने जानेवारी २०२५ मध्ये दीड हजारांहून अधिक जुने अंक शब्द शोधता येतील अशा रीतीने खुले केले.

आपल्या आखातातही असं काम झालं आहे. कुवेतचे मोहम्मद अल-शारेख यांनी ऐंशीच्या दशकात 'सख्र' हा अरबी कॉम्प्युटर घरोघरी नेला. पुढे त्याच माणसाने जुनी अरबी साहित्यिक आणि सांस्कृतिक नियतकालिकं स्कॅन करून सर्वांसाठी खुली केली. २०२४ मध्ये ते गेले, अंक मात्र राहिले.

आपलं काय?

आपल्या घरांत काय चालतं ते बघा. फायनल एक्झिट लागली, की कार्गोवाल्याचा काटा डोळ्यासमोर येतो. भांडी जातात, टीव्ही जातो, मुलांची खेळणीही जातात. 'रद्दी' मात्र कचऱ्याच्या पिंपाशेजारी राहते. त्या रद्दीत गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिका असतात, स्नेहसंमेलनाच्या स्मरणिका असतात, पोरांनी हाताने लिहिलेली नाटकं असतात. आखातात आपण पिढ्यान् पिढ्या राहात नाही; नोकरी संपली की परतायचं. आपण इथे होतो, हे उद्या सांगायला दुसरं काय उरणार?

तेव्हा विनंती एवढीच, की टाकण्यापूर्वी स्कॅन करा. पानं मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत सगळी घ्या. जाहिराती मुळीच वगळू नका, कारण हरवलेले खेळ पुष्कळदा जाहिरातीतच सापडले आहेत. आपल्याकडे तर कोणत्या साली कुठे कोणाचं मराठी जेवणाचं मेस होतं, हे जाहिरातीवाचून कळणारच नाही. फाइलच्या नावात साल आणि गाव घाला. एक प्रत स्वतःजवळ ठेवा, दुसरी मंडळाकडे द्या. आणि शक्य असेल तर हे काम घरातल्या मुलांना सोबत घेऊन करा. 'मुस्तफा'ची गोष्ट आधी सांगा, म्हणजे ती दोन तास बसतील!