पिवळ्या खुणेचा न्याय

आमच्या महाविद्यालयातला एक विद्यार्थी गावोगावच्या वृद्ध कार्यकर्त्यांच्या आठवणी मोबाइलवर चित्रित करतो. परवा त्याने मला विचारले, "सर, या यूट्यूबवर टाकल्या तर पेट्रोलचा खर्च तरी सुटेल का? पण पोरं म्हणतात, शिवी आली, मारहाण आली, की पैसे बंद. म्हातारे तर शिवीसकटच सांगतात. ती शिवी कापू का?" प्रश्न पेट्रोलचा दिसतो, पण आहे साक्षीचा. म्हणून त्याला जे सांगितले ते येथे मांडतो आहे.

प्रथम व्यवहार समजून घेतला पाहिजे. यूट्यूब चित्रफितीबद्दल पैसे देत नाही. चित्रफितीबरोबर दाखवलेल्या जाहिरातीच्या उत्पन्नातला वाटा देते. मोठ्या चित्रफितीला हा वाटा ५५ टक्के, तर आखूड 'शॉर्ट्स'च्या उत्पन्नात ४५ टक्के. जाहिरातीचा वाटा मिळण्यासाठी १,००० सदस्य हवेत आणि मागच्या १२ महिन्यांत लोकांनी तुमच्या चित्रफिती ४,००० तास पाहिलेल्या हव्यात. हा उंबरठा २०१८ साली घातला गेला. मग अर्ज करायचा. चॅनेलची तपासणी होते. दुसऱ्याचे उचललेले किंवा एकाच साच्यातून काढलेले काम असेल तर अर्ज फेटाळतात. पुढे १० डॉलर जमले की पत्त्याची खात्री करण्यासाठी टपालाने एक आकडा घरी येतो, आणि १०० डॉलर भरेपर्यंत पैसा हाती पडत नाही.

उंबरठा ओलांडला तरी प्रत्येक चित्रफितीची झडती वेगळी. हिरवी खूण मिळाली तर जाहिराती लागतात. पिवळी मिळाली तर थोड्या लागतात किंवा मुळीच लागत नाहीत. चित्रफीत जागेवर राहते, लोक ती पाहू शकतात. आटते ती मिळकत. चित्रफीत काढून टाकण्याचे नियम निराळे आहेत, आणि २०१९ साली कंपनीने जे द्वेषविरोधी धोरण जाहीर केले त्यात वंश व धर्म यांच्याबरोबर 'जात' हा शब्दही स्पष्टपणे आहे. याची नोंद आपण घेतली पाहिजे. पण पिवळ्या खुणेची यादी द्वेषापाशी थांबत नाही. हिंसा, अपशब्द, वादग्रस्त विषय, दुःखद घटना, हे सारे तिच्यात येते.

ही यादी इतकी कडक कशाने झाली? २०१७ साली लंडनच्या 'टाइम्स'ने दाखवून दिले की नामांकित कंपन्यांच्या जाहिराती अतिरेकी प्रचाराच्या चित्रफितींवर झळकत आहेत. ब्रिटिश सरकारने आणि बड्या कंपन्यांनी जाहिराती थांबवल्या. त्यानंतर नियम आवळले गेले. अतिरेक्याला पैसा मिळू नये हे योग्यच होते. परंतु नियमाचे माप जाहिरातदाराच्या अंगाने घेतलेले आहे. साबण विकणाऱ्याला आपल्या साबणाशेजारी रक्त नको असते. ते कोणी सांडले आणि कोणाचे सांडले, याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

आपली अडचण येथे सुरू होते. २००६ च्या खैरलांजीविषयी बोलायचे तर खून, विटंबना आणि जात हे शब्द टाळून कसे बोलणार? शिक्षण, बातमी, माहितीपट अशा संदर्भाला नियमांत सवलत आहे, हे खरे. पण पहिली झडती यंत्र घेते, आणि जातीवरून शिवी देणारा व ती शिवी खाल्लेला माणूस, दोघांच्या तोंडी शब्द एकच असतो. माणसाकडून फेरतपासणी मागता येते; त्याचा निर्णय अखेरचा. मात्र जयंतीची चित्रफीत जयंती सरल्यावर हिरवी झाली तर तिचा काय उपयोग?

मग न्यायालयात जावे? अमेरिकेत काही काळ्या निर्मात्यांनी २०२० साली दावा लावला होता, की यंत्र वंश पाहून भेद करते. असा भेद होणे शक्य आहे हे न्यायाधीशांनी मानले, पण या दाव्यात तो दिसत नाही असे म्हणून २०२३ साली दावा फेटाळला. त्याआधी २०२० सालीच दुसऱ्या एका खटल्यात तेथील अपील न्यायालयाने सांगितले होते की यूट्यूब ही खाजगी जागा आहे. सरकारवर जी घटनात्मक बंधने आहेत ती तिच्यावर नाहीत. हे वाचताना मला महाड आठवते. तळे खाजगी आहे, असाच दावा १९२७ साली स्पृश्यांनी लावला होता. पण तळे नगरपालिकेचे होते, आणि १९३७ साली उच्च न्यायालयात बाबासाहेब जिंकले. इथे मात्र तळे खरोखरच मालकाचे आहे.

तेव्हा विद्यार्थ्याला मी म्हणालो, शिवी कापू नकोस. म्हाताऱ्याने ती सोसली आहे. तू ती गाळलीस तर देणारा निर्दोष सुटेल. मथळा संयमाचा ठेव. कोण बोलतो आहे, कोठले आणि कोणत्या सालचे, हे आरंभीच सांग. चित्रफितीत काय आहे याची माहिती भरून द्यावी लागते, ती खरी भर. पिवळी खूण आली तर फेरतपासणी माग. आणि मूळ चित्रण आपल्याजवळ, शिवाय एखाद्या ग्रंथालयात, जपून ठेव.

राहिला पेट्रोलचा प्रश्न. 'मूकनायक' १९२० साली निघाला तो शाहू महाराजांच्या मदतीने. 'बहिष्कृत भारत' १९२७ ला निघाले आणि १९२९ ला बंद पडले. वर्गणीवर जगणे सोपे नसते, हे आपल्या नियतकालिकांनी भोगले आहे. तरीही ज्यांची कथा आहे त्यांनीच तिचा खर्च उचलावा, यापरता भरवशाचा मार्ग मला दिसत नाही. जाहिरातीचे पैसे आले तर घ्यावेत. त्या पैशांसाठी साक्ष मात्र बदलू नये. त्या मुलाच्या पुढच्या फेरीचे पेट्रोल आम्ही चार शिक्षकांनी वाटून घेतले आहे.