दत्ताराम हिंदळेकर आणि सदू शिंदे

ठाण्याच्या दादोजी कोंडदेव क्रीडागृहात बॅडमिंटनच्या सभागृहाला खंडू रांगणेकरांचे नाव आहे. रांगणेकर ठाण्याचे रहिवासी. १९४७-४८ साली भारतीय संघाबरोबर ते ऑस्ट्रेलियाला गेले आणि तिथे कसोटी सामने खेळले. बॅडमिंटनमध्येही त्यांची गती होती. १९८४ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, ते ठाण्यातच वारले. गावाने आपल्या माणसाची आठवण राखली हे उत्तम झाले. परंतु आज मी ज्या दोघांविषयी बोलणार आहे, त्यांना रांगणेकरांइतके आयुष्य लाभले नाही. एकाला चाळीस वर्षे मिळाली, दुसऱ्याला एकतीस.

दूर न्यूझीलंडमध्ये जोना लोमू नावाचा रग्बीपटू होऊन गेला. रग्बीत चेंडू घेऊन धावत जायचे, अंगावर येणाऱ्यांना चुकवायचे किंवा ढकलायचे आणि प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे तो जमिनीला टेकवायचा, याला ‘ट्राय’ म्हणतात. १९९५ च्या विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात इंग्लंडविरुद्ध वीस वर्षांच्या लोमूने चार ट्राय केले. पुढे मूत्रपिंडाच्या विकाराने त्याला ग्रासले आणि २०१५ साली चाळिसाव्या वर्षी तो गेला. त्याचे ते धावणे चित्रफितींत आहे; कोणीही केव्हाही पाहावे. आपले दत्ताराम हिंदळेकरही चाळिसाव्या वर्षीच गेले. त्यांच्या मागे चित्रफिती नाहीत, आहेत ते धावपुस्तकातले चार आकडे. ते आकडे मोठे नाहीत. म्हणूनच त्यांचा अर्थ थोडा उलगडून सांगावा लागतो.

२२ जून १९४६ रोजी लॉर्ड्सवर कसोटी सामना सुरू झाला. महायुद्धानंतरचा भारताचा तो पहिलाच कसोटी सामना. कर्णधार पतौडीचे नवाब, यष्टिरक्षक हिंदळेकर, आणि अगदी शेवटी फलंदाजीला येणारा बावीस वर्षांचा सदू शिंदे. भारताच्या २०० धावांपैकी ४३ धावा शेवटच्या जोडीने काढल्या, रुसी मोदी आणि शिंदे यांनी. त्यात शिंद्यांच्या दहा. सामना आपण दहा गड्यांनी हरलो.

शिंदे लेगब्रेक टाकीत. हा चेंडू टप्पा पडल्यावर उजव्या फलंदाजाच्या पायाकडून ऑफच्या यष्टीकडे वळतो. मनगटाचे हे काम फार कठीण. टप्पा वीतभर चुकला की चेंडू सीमेपार. त्यातही गुगली हे शिंद्यांचे खरे अस्त्र. हात तसाच येतो, धाव तशीच, पण सुटताना मनगट जास्त वळते आणि चेंडू उलट्या दिशेने, म्हणजे आत, येतो. बोझान्क्वेट नावाच्या इंग्रजाने विसाव्या शतकाच्या आरंभी ही युक्ती काढली. फलंदाजाने फसावे हाच तिचा हेतू. परंतु यष्टीमागचा माणूस फसला तर सारेच फुकट. फलंदाज पुढे सरसावला की त्याचे शरीरच यष्टिरक्षकाच्या दृष्टीआड येते. चेंडू दिसेनासा होतो आणि पापणी लवेतो तो पायाच्या बाजूने बाहेर निघतो. तेव्हा यष्टिरक्षकाला तो गोलंदाजाच्या हातातच ओळखावा लागतो.

आता गंमत अशी, की ओळखून नीट धरलेल्या चेंडूची धावपुस्तकात नोंदच होत नाही. दिवसाकाठी शेकडो चेंडू अडवा, वहीत काही उमटत नाही. एक सुटला की ‘बाय’ म्हणून लगेच शाईने लिहिला जातो. कामगिरी कोरी राहते, चूक तेवढी लेखी! चार कसोटी सामने आणि ७१ धावा एवढ्यावर हिंदळेकरांचे मोजमाप करणारा मनुष्य ही वही वाचतो, खेळ वाचीत नाही.

हिंदळेकरांचा जन्म १९०९ सालचा, रत्नागिरीचा. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात लॉर्ड्सवर विजय मर्चंटबरोबर सलामीला येऊन त्यांनी २६ धावा केल्या. जोडीने ६२ धावांची सुरुवात करून दिली आणि सारा संघ १४७ त आटोपला. मग बोटाचे हाड दुखावले, दृष्टीही अंधुक झाली. यष्टिरक्षकाचे भांडवल ते काय, हात आणि डोळे; दोन्ही एकदम गेले. मँचेस्टरच्या पुढच्या सामन्यात मर्चंट आणि मुश्ताक अली यांनी २०३ धावांची प्रसिद्ध सलामी दिली, तेव्हा हिंदळेकर संघात नव्हते. त्यानंतर युद्ध आले. १९३६ ते १९४६ या दहा वर्षांत भारत एकही कसोटी सामना खेळला नाही. सत्तावीस ते सदतीस ही यष्टिरक्षकाची ऐन उमेदीची वर्षे. ती अशी गेली.

त्या काळी क्रिकेटवर पोट भरत नसे. मुंबईचे खेळाडू कचेऱ्यांत, गिरण्यांत, रेल्वेत नोकऱ्या करीत आणि त्या त्या कचेरीच्या संघातून टाइम्स शील्डसारख्या स्पर्धा खेळत. सकाळची लोकल गाठून कारकुनी करणाऱ्या डोंबिवली-कल्याणच्या श्रोत्यांना हे आयुष्य वेगळे समजावून सांगायला नको. हिंदळेकर बॉम्बे पोर्ट ट्रस्टमध्ये तुटपुंज्या पगारावर होते. देशासाठी दोनदा इंग्लंडला जाऊन आलेला हा माणूस आजारी पडला तेव्हा त्याच्यापाशी गाठीला पैसा नव्हता. वेळेवर नीट उपचार झाले नाहीत. ३० मार्च १९४९ रोजी ते गेले, आणि मग कुटुंबासाठी लोकांपुढे मदतीचे आवाहन करावे लागले. भारताच्या माजी कसोटीपटूंना नियामक मंडळाचे मासिक मानधन मिळू लागले ते २००४ पासून. पंचावन्न वर्षे उशीर, दुसरे काय म्हणावे?

शिंद्यांची कथा निराळी. १९४३-४४ साली मर्चंटनी मुंबईकडून महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ धावा केल्या. त्या डावात वीस वर्षांच्या या मुलाने पंचाहत्तर षटके टाकून पाच गडी बाद केले. दुसऱ्याच्या विक्रमाखाली झाकून गेलेली अशी मेहनत मला तरी विक्रमाइतकीच मोलाची वाटते. नोव्हेंबर १९५१ मध्ये दिल्लीला इंग्लंडविरुद्ध त्यांनी ९१ धावांत सहा बळी घेतले आणि इंग्लंड २०३ धावांत गारद झाले. दुसऱ्या डावात त्यांच्या गोलंदाजीवर झेल सुटले, वॉटकिन्स नऊ तास चिवटपणे उभा राहिला आणि सामना अनिर्णित राहिला. कसोटीतला पहिला विजय आपल्याला पुढे फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला मिळाला. ते झेल टिकले असते तर तो कदाचित दिल्लीलाच मिळाला असता. पुढे सुभाष गुप्ते आले आणि शिंद्यांचा काळ सरला. सात कसोट्या, बारा बळी. त्यांतले निम्मे त्या एका डावातले.

सदू शिंदे विषमज्वराने गेले. तारीख २२ जून १९५५, म्हणजे लॉर्ड्सचा तो सामना सुरू झाला त्याला त्या दिवशी बरोबर नऊ वर्षे पूर्ण झाली. मधल्या काळात, १९५२ साली, पतौडीचे नवाब पोलो खेळताना एकेचाळिसाव्या वर्षी वारले होते. त्या अकरा जणांपैकी तिघे नऊ वर्षांत गेले.

आज शिंद्यांचे नाव काढले की लोक म्हणतात, ‘शरद पवारांचे सासरे!’ हिंदळेकरांचे काढले की म्हणतात, ‘विजय मांजरेकरांच्या नात्यातले.’ दोन्ही खरे आहे. मांजरेकरांनी ५५ कसोट्यांत ३२०८ धावा केल्या आणि प्रसंगी यष्टिरक्षणही केले. घरातली विद्या अशी झिरपते. पण नात्याने ओळखले जाण्याआधी या माणसांचे स्वतःचे काहीतरी होते. हिंदळेकरांचे काय होते, ते १९४६ च्या मँचेस्टरला दिसले.

जिंकायला २७८ धावा हव्या होत्या. ती आशा केव्हाच सुटली होती. उरला होता सामना वाचवण्याचा प्रश्न. बेडसरने सात बळी घेतले होते. नववा गडी बाद झाला तेव्हा वेळ संपायला तेरा मिनिटे होती. रंगा सोहोनी एका टोकाला उभे होते आणि दुसऱ्या टोकाला शेवटचे फलंदाज म्हणून आले हिंदळेकर, त्या दौऱ्यातही दुखापतींनी बेजार झालेले. एक चूक झाली की सामना गेला. तेरा मिनिटे दोघे उभे राहिले. खेळ थांबला तेव्हा फलकावर ९ बाद १५२ होते.