डाळिंबाच्या सातासमुद्रापलीकडील प्रवासाचे गणित

सोलापूर - परदेशातील बाजारपेठ किती दूर आहे, हे फळ किती दिवस टिकते यावर ठरते. सोलापूर परिसरातील डाळिंबांच्या १९०० पेट्या ६ डिसेंबर २०२४ रोजी जहाजाने निघाल्या आणि १३ जानेवारी २०२५ रोजी सिडनीला पोहोचल्या. हा माल ५.७ टनांचा होता. तब्बल ३८ दिवसांच्या या प्रवासात फळ टिकले, त्यामागे संशोधन आणि भांडवल या दोहोंचा वाटा आहे.

डाळिंबाच्या निर्यातीचा पाया राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या 'भगवा' वाणाने घातला. जाड साल आणि गडद रंग यांमुळे हे फळ लांबच्या वाहतुकीला योग्य ठरते. भारतीय कृषी संशोधन परिषदेने २००५ मध्ये सोलापूर येथे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन केले. २०१६ मध्ये सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकनही मिळाले.

मात्र मानांकनामुळे फळाचे आयुष्य वाढत नाही. विमानाने पाठविलेला माल ताजा पोहोचतो. पण भाडे एवढे की परदेशी दुकानात त्याची किंमत स्पर्धेत टिकत नाही. जहाजाचा खर्च कमी, पण प्रवास पाच आठवड्यांचा. म्हणून केंद्रीय निर्यात प्राधिकरण 'अपेडा' आणि सोलापूरच्या केंद्राने साठवणुकीचे प्रयोग केले. त्यांत डाळिंब ६० दिवसांपर्यंत टिकविता आले. पाच आठवडे समुद्रावर गेल्यानंतरही विक्रीसाठी तीन आठवड्यांहून अधिक काळ हाती राहतो. २०२५ मध्ये ४६२० पेट्यांचा सुमारे १४ टन माल जहाजाने न्यूयॉर्कला पोहोचला, तो याच आधारावर.

अमेरिकेची आणखी एक अट आहे. फळाबरोबर कीड येऊ नये, यासाठी त्यावर विकिरण प्रक्रिया करावी लागते. ठराविक मात्रेतील किरणांमुळे किडीची वाढ थांबते. फळ किरणोत्सारी होत नाही. राज्य कृषी पणन मंडळाने नवी मुंबईत या प्रक्रियेचे केंद्र उभारले आहे. असे केंद्र, शीतगृहे व प्रतवारीच्या सुविधा उभारणे एकट्या बागायतदाराच्या आवाक्याबाहेरचे असते. येथेच कंपन्यांच्या गुंतवणुकीला महत्त्व येते.

'किमये' या नावाने फळे विकणारी आयएनआय फार्म्स ही कंपनी २००९ मध्ये स्थापन झाली. २०२२ मध्ये पुण्याच्या ॲग्रोस्टारने ती ताब्यात घेतली. शेतकऱ्यांना मोबाइलवरून पीकसल्ला आणि बियाणे, औषधे पुरविणारी कंपनी आणि निर्यातदार असे दोघे त्यामुळे एकत्र आले. २०२३ मध्ये अमेरिकेला विमानाने गेलेला ताज्या डाळिंबांचा प्रायोगिक माल याच आयएनआय फार्म्सने पाठविला होता.

या साखळीची खरी परीक्षा मात्र बागेत होते. तेलकट डाग रोग, अर्थात 'तेल्या', पडला की फळ निर्यातीतून बाद होते. औषधांचा अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळला, तर युरोपातून माल परत येऊ शकतो. त्यासाठीच 'अनारनेट' प्रणालीत बागांची नोंदणी केली जाते. सांगोल्यासारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात ठिबकच्या पाण्यावर बाग जगविणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने निर्यातीचा दर आणि स्थानिक दर यांतील फरक म्हणजे कर्ज फिटणे किंवा थकणे. प्रयोगशाळेत मिळविलेल्या ६० दिवसांचा लाभ त्याच्या बांधापर्यंत पोहोचला, तरच हा सातासमुद्रापलीकडचा प्रवास सार्थकी लागेल.