आपले कोण, परके कोण?

रोगप्रतिकारशक्तीचा धडा शिकवताना आपण पांढऱ्या पेशींना सैनिक म्हणतो. मग एखादी चुणचुणीत मुलगी विचारते, "सर, सैनिकांना आपली माणसे कशी ओळखू येतात?" प्रश्न रास्त आहे. ही ओळख टी-पेशींना उपजत नसते, ती घडवावी लागते.

याचा पहिला धागा सापडला तो गाईच्या जुळ्या वासरांत. गर्भाशयात त्यांच्या रक्तवाहिन्या बहुधा एकमेकींना जोडल्या जातात. १९४५ साली अमेरिकेत रे ओवेन यांना दिसले, की भिन्न बीजांपासून जन्मलेल्या अशा वासरांच्या अंगात मोठेपणीही दोघांच्या रक्तपेशी नांदत असतात. तांबड्या पेशीचे आयुष्य काही महिन्यांचे. तेव्हा भावंडाच्या रक्तजनक मूळ पेशीच तेथे वस्तीला आल्या होत्या आणि त्यांना कोणीही हुसकावले नव्हते! यावरून बर्नेट यांनी १९४९ मध्ये तर्क मांडला : जन्मापूर्वी जे भेटते, ते शरीर आपले मानते. १९५३ मध्ये मेडावार, बिलिंगहॅम आणि ब्रेंट यांनी उंदरांच्या गर्भात दुसऱ्या वाणाच्या पेशी टोचल्या. मोठेपणी त्या उंदरांनी त्याच वाणाच्या कातडीचे कलम स्वीकारले. १९६० चे नोबेल बर्नेट व मेडावार यांना मिळाले; ओवेन यांना वगळले गेले, हे खटकते.

ही निवड होते छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत. टी-पेशींवरील ग्राहके जनुकांचे तुकडे वाटेल तसे जुळून बनतात. साहजिकच काही स्वतःच्याच शरीरावर उलटणारी निघतात. थायमसमधील पेशी एआयआरई या जनुकाच्या साहाय्याने इन्शुलिनसारखी इतर अवयवांची प्रथिनेही थोडी थोडी बनवून 'दाखवतात'. त्यांना घट्ट चिकटणाऱ्या बहुतेक टी-पेशी मरतात. उलट, शरीराचा 'गणवेश', म्हणजे पेशींवरील एचएलए प्रथिने, ज्यांना मुळीच ओळखता येत नाहीत त्याही मरतात. शंभरांतील जेमतेम दोन-पाच उत्तीर्ण होतात. (आपल्या परीक्षा बऱ्याच दयाळू म्हणायच्या!)

तरीही काही निसटतातच. त्यांना आवरणाऱ्या नियामक टी-पेशी साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवल्या. त्यासाठी २०२५ चे नोबेल त्यांना ब्रंको व रॅम्सडेल यांच्यासह मिळाले. हा आवर सुटला की स्वादुपिंडातील इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींवर हल्ला होतो आणि एखाद्या शाळकरी मुलाला पहिल्या प्रकारचा मधुमेह जडतो.

परक्याचे मूत्रपिंड बसवलेल्या रुग्णाला सहसा आयुष्यभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात. मात्र मूत्रपिंडाबरोबर त्याच दात्याच्या अस्थिमज्जेतील पेशीही दिल्यावर काही रुग्णांची औषधे थांबवता आली आहेत. जुळ्या वासरांत निसर्गाने केले तेच इथे डॉक्टरांनी केले.