आवाज फाटतो तेव्हा

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात हळदीच्या रात्री किंवा गणपतीच्या मिरवणुकीत बेंजोचे पथक आपण सर्वांनी ऐकलेले असते. टंकलेखन यंत्रासारखी बटणे असलेले हे तंतुवाद्य म्हणजे बुलबुल तरंग. जपानमधील नागोया येथे १९१२ मध्ये गोरो मोरिता यांनी बनवलेल्या ताइशोगोतो या वाद्याशी त्याचे नाते आहे. तारांखाली पिकअप बसवून बेंजो अॅम्प्लिफायरला जोडतात. वादनाला रंग चढतो, आवाज वाढवला जातो आणि एका क्षणी कोणीतरी म्हणते, "आवाज फाटतोय!" मग कोणी धावत जाऊन व्हॉल्यूम कमी करतो.

इलेक्ट्रिक गिटार वाजवणारा मात्र हाच फाटलेला आवाज मिळवण्यासाठी पैसे खर्च करतो. त्यासाठी तो पायाजवळ एक डबी ठेवतो. तिला फझ पेडल म्हणतात. अकरावी-बारावीतील अनेक मुले आज गिटार वाजवतात, आणि आधीच फाटत असलेल्या अॅम्प्लिफायरला महागडे फझ जोडूनही आवाज गढूळच येतो अशी त्यांची तक्रार असते. याचे उत्तर दुकानात नसून शालेय भौतिकशास्त्रात आहे. आवाज कशाने फाटतो यापेक्षा तो कोठे आणि कोणत्या क्रमाने फाटतो, हे अधिक महत्त्वाचे असते.

फाटते म्हणजे काय होते?

अॅम्प्लिफायर विद्युत तरंगाचा आयाम वाढवतो. पण त्याला मिळणाऱ्या व्होल्टेजपेक्षा मोठा तरंग तो देऊ शकत नाही. तरंगाचा माथा त्या मर्यादेच्या वर जाऊ लागला की तो कापला जातो. गोलाकार डोंगराचे पठार होते. साइन तरंग अशा रीतीने चौकोनी होऊ लागला की त्यात मूळ कंप्रतेच्या पटीतील नव्या कंप्रता निर्माण होतात. वरचा व खालचा माथा सारखाच कापला, तर तिप्पट, पाचपट, सातपट अशा विषम पटीतील कंप्रता येतात. पूर्ण चौकोनी तरंगात त्यांचे आयाम मूळ आयामाच्या एकतृतीयांश, एकपंचमांश, एकसप्तमांश या क्रमाने घटत जातात. एकच बाजू जास्त कापली, तर दुप्पट, चौपट अशा सम पटीतील कंप्रताही येतात. आवाज धारदार लागतो तो यामुळे.

दोन स्वर एकाच वेळी वाजवले तर आणखी एक गोष्ट घडते. कापलेल्या तरंगात दोन्ही कंप्रतांच्या बेरजा-वजाबाक्याही दिसू लागतात. २२० आणि ३३० हर्ट्झचे स्वर घेऊ. हे षड्ज-पंचमाचे नाते आहे. त्यांतून ११० आणि ५५० हर्ट्झ मिळतात. सर्व आकडे ११० च्या पटीत आहेत, म्हणून कानाला ते एकाच कुटुंबातले वाटतात. आता गिटारच्या पडद्यांवरील २२० आणि २७७ हर्ट्झ घ्या. येथे ५७ आणि ४९७ हर्ट्झ मिळतात. यांचे एकमेकांशी जुळत नाही आणि आवाजाचा चिखल होतो. फझ लावून वाजवणारे गिटारवादक अनेकदा षड्ज-पंचमाच्या जोड्या का पसंत करतात, याचे कारण हे आहे.

बिघाडातून जन्मलेले यंत्र

अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स या गायकाच्या 'डोन्ट वरी' या गीताचे ध्वनिमुद्रण चालू असताना यंत्रणेतील एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या सहा तारांच्या बास गिटारचा आवाज घरघरत उमटला. तो तसाच ठेवून गीत १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तोच आवाज देणारे मंडल ट्रान्झिस्टर वापरून तयार केले. १९६२ मध्ये ते 'माएस्ट्रो फझ-टोन' या नावाने बाजारात आले. त्यात जर्मेनियमचे तीन ट्रान्झिस्टर होते. योगायोग असा, की बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही जर्मेनियम अर्धवाहक घटकांचे उत्पादन १९६२ मध्येच सुरू केले. पुढे १९६६ मध्ये लंडनमध्ये 'फझ फेस' हे केवळ दोन ट्रान्झिस्टरांचे पेडल निघाले. साधेपणामुळे आजही त्या मंडलाच्या अनेक नकला होतात. म्हणून पुढील चर्चेसाठी आम्ही तेच घेतले आहे.

दोनदा कापलेला तरंग

समजा, फझने तरंग आधीच चौकोनी केला आहे. तो अॅम्प्लिफायरने पुन्हा कापला तर काय होईल? पठाराचा माथा कापला तरी उरते ते पठारच! आकार फारसा बदलत नाही, आवाज मोठाही होत नाही. वाढते ती खरखर आणि स्वर लांबत राहण्याची मुदत. म्हणजे अॅम्प्लिफायर फाटत असताना फझची ताकद वाढवत नेणे व्यर्थ आहे.

मग गढूळपणा कोठून येतो? गिटारच्या सर्वांत जाड तारेची कंप्रता सुमारे ८२ हर्ट्झ असते आणि तिचा आयाम मोठा असतो. बारीक तारेची लहान लाट या मोठ्या लाटेवर स्वार झालेली असते. मोठ्या लाटेचा माथा कापला जातो तेव्हा तेथील लहान लाटही नाहीशी होते. म्हणून कापण्यापूर्वीच खर्जाचा भाग कमी केला पाहिजे. कापून झाल्यावर टोनचे बटण कितीही फिरवले, तरी हरवलेली लहान लाट परत येत नाही.

निवड कशी करावी?

पहिली कसोटी : पेडल ज्या अॅम्प्लिफायरवर वापरायचे आहे त्यावरच, नेहमीच्या आवाजाला वाजवून पाहावे. दुकानातील स्वच्छ अॅम्प्लिफायरवर उत्तम वाटणारे फझ फाटत्या अॅम्प्लिफायरवर निरुपयोगी ठरू शकते.

दुसरी कसोटी : गिटारवरील व्हॉल्यूम थोडा कमी केल्यावर आवाज स्वच्छ होतो का? फझ फेससारख्या मंडलाचा आदानरोध काही हजार ओहम इतकाच, म्हणजे कमी असतो. त्यामुळे गिटारवरील लहानसा बदलही त्याला जाणवतो. यासाठी हे पेडल रांगेत सर्वांत आधी, थेट गिटारला जोडावे.

तिसरी कसोटी हवामानाची. बदलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. जर्मेनियम ट्रान्झिस्टरमधील गळतीचा प्रवाह तापमान सुमारे १० अंशांनी वाढले की दुप्पट होतो. २० अंशांना जुळवलेल्या पेडलमध्ये ४० अंशांना तो चौपट होणार, आणि आवाज तुटक किंवा दबका येणार. एसी १२८ सारख्या जुन्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा मृदू आवाज अनेकांना प्रिय आहे. पण उन्हाळ्यात, मांडवात वाजवायचे असेल तर सिलिकॉनचे पेडल घेणे शहाणपणाचे.

थोड्या रुपयांतील बदल

पहिला बदल प्रवेशाच्या कपॅसिटरचा. दुकानदार याला कंडेन्सर म्हणतात. मूळ मंडलात तो २.२ मायक्रोफॅरडचा असतो. तो कोणत्या कंप्रतेखाली अडवू लागतो, हे काढण्यासाठी १ ला (२ × ३.१४ × रोध × धारिता) ने भागावे. आदानरोध १०,००० ओहम धरला तर उत्तर सुमारे ७ हर्ट्झ येते. म्हणजे सगळा खर्ज आत शिरतो. त्याजागी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला तर ही मर्यादा सुमारे १५९ हर्ट्झवर जाते. गिटारच्या पिकअपचा स्वतःचा रोधही यात मिळत असल्याने प्रत्यक्षात ती काहीशी खाली राहते. पण खर्ज हलका होतो आणि फाटत्या अॅम्प्लिफायरवरही प्रत्येक तार वेगळी ऐकू येते.

दुसरा बदल दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरील ८,२०० ओहमच्या रोधाचा. तेथे २०,००० ओहमचा प्रीसेट लावावा आणि मल्टिमीटरने कलेक्टरवर सुमारे ४.५ व्होल्ट, म्हणजे बॅटरीच्या निम्मे व्होल्टेज मिळेपर्यंत फिरवावा. ऋतू बदलला की पुन्हा जुळवता येते. शाळेच्या प्रयोगशाळेत सहज मिळणारा बीसी ५४७ वापरून सिलिकॉनचे मंडल बनवता येते. तो फार चिरचिर करू लागला तर त्याच्या कलेक्टर व बेस यांमध्ये काहीशे पिकोफॅरडचा कपॅसिटर जोडावा.

सुटे भाग मिळवण्यासाठी ग्रँट रोड स्थानकाजवळील लॅमिंग्टन रोड सर्वांच्या परिचयाचा आहे. बदलापूरहून दादरला गाडी बदलून तेथे जाता येते.

दोन सूचना मात्र काटेकोरपणे पाळाव्यात. जर्मेनियमच्या जुन्या मंडलात बहुधा बॅटरीचे धन टोक अर्थला जोडलेले असते. असे पेडल इतर पेडलांबरोबर एकाच अॅडॉप्टरवर लावू नये, त्याला स्वतंत्र बॅटरी द्यावी. आणि बदल फक्त ९ व्होल्टच्या डबीत करावेत. अॅम्प्लिफायर उघडू नये. व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरमध्ये काहीशे व्होल्ट असतात आणि वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार राहू शकतो.

वर्गात करून पाहा

सिग्नल जनरेटरच्या पुढे १,००० ओहमचा रोध जोडा. रोधाच्या दुसऱ्या टोकापासून अर्थकडे दोन सिलिकॉन डायोड उलट-सुलट दिशांनी जोडा. तेथील तरंग ऑसिलोस्कोपवर पाहा आणि लहान स्पीकर असलेल्या अॅम्प्लिफायरवर ऐका. आयाम वाढवत नेल्यास सुमारे ०.६ व्होल्टला माथा सपाट होऊ लागेल. मग एक डायोड काढा आणि आवाजातील फरक टिपा.

याच प्रयोगातून एक गंभीर गोष्ट समजावून देता येते. सारख्याच आयामाच्या साइन तरंगापेक्षा चौकोनी तरंगात दुप्पट शक्ती असते. म्हणून सततच्या फाटत्या आवाजाने स्पीकरची कॉइल तापून जळते. कानावरही हा भार सलग पडतो. ८५ डेसिबेलला दिवसाचे ८ तास ही सुरक्षित मर्यादा मानली, तर दर ३ डेसिबेलला ती निम्मी होते. १०० डेसिबेलला ती सुमारे १५ मिनिटे उरते. फझचा मोठा फायदा येथेच आहे. तरंग डबीत, काही व्होल्टच्या आत कापला, की अॅम्प्लिफायर लहान आवाजावर ठेवूनही तोच फाटलेला स्वर मिळतो. कॉइल वाचते, शेजारी झोपू शकतात आणि वाजवणाऱ्याचे कानही टिकतात.

विद्यार्थ्यांसाठी एक प्रश्न : मिरवणुकीतील बेंजोचा आवाज फाटतो तेव्हा तो पिकअप, अॅम्प्लिफायर आणि कर्णा यांपैकी नेमका कोठे फाटतो? ते शोधून काढण्यासाठी तुम्ही कोणत्या क्रमाने तपासणी कराल?