दुखणे, दुखापत आणि व्यायामाचा भार

दुखणे ‘अंगावर काढणे’ हा वाक्प्रचार मराठीत रूढ आहे. औषधोपचार न करता, कामात खंड न पाडता दुखणे सोसून संपविणे, असा त्याचा अर्थ. घरकाम आणि शेतकाम यांच्या संदर्भात तो बहुधा नाइलाजाचा द्योतक असतो. तालमीत मात्र त्याला पौरुषाची झळाळी चढते. कुस्तीगिराचे चेमटून गोळा झालेले कान ही वस्तुतः बाह्यकर्णाच्या कूर्चेवर वारंवार झालेल्या आघातांची व तेथे साकळलेल्या रक्ताची खूण होय. परंतु लाल मातीच्या जगात ती मल्लविद्येची पदवीच समजली जाते. जेथे दुखापत हे भूषण ठरते, तेथे तिच्याविषयी शांतपणे विचार होणे कठीण असते.

अलीकडे ‘फंक्शनल फिटनेस’ या नावाने प्रसार पावलेल्या स्पर्धात्मक व्यायामप्रकारात हाच प्रश्न नव्याने उभा राहिला आहे. वजन उचलणे, दांडीवर अंग तोलणे, धावणे, वल्हविणे अशा भिन्न क्रियांची सांगड घालून त्या घड्याळाशी झुंजत पुऱ्या करावयाच्या, असे त्याचे स्वरूप. क्रॉसफिट ही त्यातील प्रमुख संस्था अमेरिकेत २००० साली निघाली व तिच्या स्पर्धा २००७ साली कॅलिफोर्नियातील अ‍ॅरोमस येथे सुरू झाल्या. जोर, बैठका, गदा व मल्लखांब यांत वाढलेल्या महाराष्ट्राला यातील मूळ कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. खांदा, कंबर व गुडघा ही या खेळातील दुखापतींची मुख्य स्थाने होत. निरनिराळ्या पाहण्यांत दुखापतींचे प्रमाण बहुधा सरावाच्या दर हजार तासांमागे दोन ते तीनच्या आसपास आढळले आहे, आणि ते भारोत्तोलनासारख्या खेळांहून फारसे वेगळे नाही. तेव्हा खेळ घातक आहे की नाही, हा वाद येथे गौण आहे. वर्षानुवर्षे सराव करणाऱ्या प्रत्येक खेळाडूला केव्हा ना केव्हा दुखऱ्या अंगाने आखाड्यात उभे राहावे लागते. त्या दिवशी त्याने काय करावे, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शोधताना वेदना आणि इजा यांतील भेद प्रथम ध्यानी घेतला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर गंभीर जखमी झालेल्या सैनिकांची पाहणी करून हेन्री बीचर या अमेरिकन वैद्यकाने १९४६ साली असे नमूद केले की, त्यांच्यापैकी सुमारे तीन-चतुर्थांश सैनिकांना वेदनाशामक औषध हवे असे वाटण्याइतकी वेदना होत नव्हती. याच्या अगदी उलट प्रकारही आढळतो. कंबरदुखीची कसलीच तक्रार नसलेल्या लोकांच्या मणक्यांची चुंबकीय प्रतिमा घेतली असता, विशीतील सुमारे ३७ टक्के व्यक्तींत चकतीची झीज दिसते, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संकलनात आढळले. इजा मोठी आणि वेदना अल्प. झीज स्पष्ट आणि वेदना मुळीच नाही. मेल्झॅक व वॉल यांनी १९६५ साली मांडलेल्या ‘द्वार-नियंत्रण’ उपपत्तीने या विसंगतीला शारीरक्रियेचा आधार दिला. मज्जारज्जूतून वर जाणारा संदेश वाटेतच वाढविला किंवा दाबला जाऊ शकतो, हे तिचे सार. उपपत्तीच्या तपशिलात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, परंतु हा गाभा टिकला. वेदना काल्पनिक असते, असा याचा अर्थ नव्हे. ती खरीच असते. ती इजेचे मोजमाप नसते, एवढेच.

दुसरा मुद्दा ऊतींचा. स्नायू, कंडरा व अस्थी ही भाराला प्रतिसाद देऊन घडणारी द्रव्ये आहेत. भार काढून घेतला की त्यांचे बळ ओसरते. आणि पूर्ण विश्रांतीनंतर जुन्याच भारावर परतणारा खेळाडू पूर्वीपेक्षा दुबळ्या अंगाने तो भार उचलतो. ‘महिनाभर काही करू नका’ हा सल्ला म्हणूनच वाटतो तितका निरुपद्रवी नाही. स्वीडनमध्ये आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली टाचेच्या वरच्या कंडरेच्या जुनाट दुखण्यावर बारा आठवडे टाच सावकाश खाली सोडण्याचा भारयुक्त व्यायाम दिला, आणि तो करताना होणारे दुखणे सोसण्यास रुग्णांना मुभा होती. त्यांतील पंधराही हौशी खेळाडू पुन्हा धावू लागले. पुढे २००७ साली सिल्बरनागल व सहकाऱ्यांनी दाखविले की, दहापैकी पाचपर्यंतची वेदना ग्राह्य धरून धावणे चालू ठेवणाऱ्यांची सुधारणा, धावणे थांबविणाऱ्यांहून कमी होत नाही. मात्र एक अट होती: वाढलेले दुखणे दुसऱ्या सकाळपर्यंत ओसरले पाहिजे. आदल्या दिवसाचा भार योग्य होता की नाही, याची साक्ष व्यायामाच्या क्षणापेक्षा ही सकाळच अधिक विश्वासाने देते.

भार टाळण्यापेक्षा तो बदलणे म्हणजे काय, हे कोकणातील एखाद्या गावाच्या भूरचनेवरूनही समजते. दापोली तालुक्यातील आंजर्ले येथे कड्यावरच्या गणपतीकडे जाणारी पायऱ्यांची वाट आहे आणि खाली विस्तीर्ण पुळण आहे. गुडघ्याच्या वाटीमागे दुखणाऱ्या माणसाला चढणीपेक्षा उतरण बहुधा अधिक जाचते, कारण उतरताना मांडीचे स्नायू लांबत असतानाच शरीराचा भार रोखून धरतात. त्याने पायऱ्यांनी चढावे व गाडीरस्त्याच्या सौम्य उताराने सावकाश खाली यावे. छातीचा दम तेवढाच लागतो, वाटीवरील दाब कमी होतो. कोरड्या, मऊ वाळूत धावण्यास कठीण जमिनीपेक्षा सुमारे दीडपटीहून अधिक शक्ती खर्ची पडते, म्हणजे वेग व आघात कमी ठेवूनही श्रम पुरेसे होतात. परंतु हीच वाळू पोटरी व टाचेच्या कंडरेला अधिक राबविते. ज्याचे दुखणे तेथेच आहे, त्याने ओहोटीच्या वेळची ओली, घट्ट पट्टी धरावी. ती समुद्राकडे कललेली असते, तेव्हा जितके जावे तितकेच परत यावे, म्हणजे दोन्ही पायांना समान न्याय मिळतो.

खांदा पूर्णच जायबंदी असेल तर? येल विद्यापीठात स्क्रिप्चर यांनी १८९४ सालीच दाखविले होते की, एका हाताच्या सरावाने दुसऱ्या, न राबविलेल्या हाताचेही बळ वाढते. ही वाढ अल्प असते. तथापि बंधनात ठेवलेल्या अंगाचे बळ टिकविण्यास ती उपयोगी पडते.

या विचाराचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण मुरलीकांत पेटकर यांचे होय. सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूरचे हे सैनिक मूळचे मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांच्या कमरेखालील भागाला पक्षाघात झाला. पोहणे त्यांच्याकडे आले ते उपचार म्हणून. १९६८ साली तेल अवीवच्या पॅरालिंपिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथे ५० मीटर मुक्त शैलीत ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून त्यांनी भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळविले. गेलेल्या पायांसाठी झुरत न बसता उरलेल्या बाहूंवर सारा भार देण्याचा हा प्रकार होता. याउलट १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांची पुढील ऑलिंपिकची आशा गुडघ्याच्या दुखापतीने संपुष्टात आणली. त्या काळी गुडघ्याच्या पुनर्वसनाचे आजचे शास्त्र उपलब्धच नव्हते, हे विसरता कामा नये.

काही लक्षणे मात्र कोणत्याही सोसण्याच्या पलीकडची आहेत. हातापायात बधिरता किंवा अचानक येणारा लुळेपणा, सांध्याची झपाट्याने वाढणारी सूज, गुडघा अडकणे, रात्री झोपेतून उठविणारी वेदना, कंबरदुखीबरोबर मलमूत्रावरील ताबा जाणे, यांपैकी एकही दिसल्यास व्यायाम थांबवून वैद्यकाकडे जावे. अतिश्रमानंतर लघवी काळ्या चहासारखी झाल्यास ते स्नायू विरघळत असल्याचे चिन्ह असू शकते, आणि त्यात मूत्रपिंडांना धोका असतो. येथे एक दिवसाचीही वाट पाहू नये.

राहिला प्रश्न निर्णय कोणी करावा हा. बीचरच्या सैनिकांप्रमाणेच, स्पर्धेच्या ऐन रंगात असलेल्या खेळाडूलाही आपली वेदना कमी भासते. म्हणून त्या घटकेची त्याची ग्वाही ग्राह्य धरता येत नाही. कोणती क्रिया गाळावयाची, किती वजनावर थांबावयाचे व कोणत्या लक्षणावर स्पर्धा सोडावयाची, हे आदल्या दिवशी प्रशिक्षकाबरोबर ठरवून वहीत लिहून ठेवावे लागते. तालमीत हे काम वस्ताद करीत. दुखऱ्या पठ्ठ्याला लढतीऐवजी नुसता हौदा खणावयास लावण्यात शिक्षा कमी आणि भाराची विभागणी अधिक असे.