पट्ट्याच्या अलीकडचा विद्यार्थी

मी पोलिसांच्या श्वान पथकात होतो हे कळलं की लोक हमखास विचारतात, कुत्र्याला वास घ्यायला कसं शिकवता हो? वास घेणं ते आईच्या पोटातूनच शिकून येतं. शिकवावं लागतं ते त्याचा पट्टा धरणाऱ्याला, म्हणजे हँडलरला. गमती होतात त्या तिथंच.

पद्धत तशी साधी. भोकं पाडलेले डबे ओळीनं मांडायचे आणि एकात स्फोटकाचा किंवा गांजाचा नमुना ठेवायचा. कुत्रं हुंगत हुंगत त्या डब्याशी थबकलं की त्याच क्षणी त्याला आवडता चेंडू द्यायचा. हळूहळू थबकण्याऐवजी तिथं खाली बसायची सवय लावतात, कारण स्फोटकावर पंजे मारलेले परवडत नाहीत. कुत्र्याच्या लेखी सगळा व्यवहार एवढाच : हा वास सापडला की चेंडू मिळतो.

गोची होते ती ‘त्याच क्षणी’ या दोन शब्दांत. आमच्याकडे एक नवा शिपाई आला होता. वर्दीची पँट घट्ट आणि चेंडू खिशात रुतलेला. राणी नावाची लॅब्रॅडॉर अचूक डब्यापाशी बसली, पण चेंडू काही निघेना. हा एका पायावर उभा राहून खिशाशी झटतोय, ती त्याच्याकडे बघतेय. शेवटी कंटाळून ती उठली, एकदा भुंकली आणि नेमका तेव्हा चेंडू बाहेर आला. पुढच्या वेळी राणी डब्यापाशी बसली, उठली आणि भुंकली. शिपाई म्हणाला, ‘साहेब, कुत्री विसरली.’ ती काहीच विसरली नव्हती. त्यानं शिकवलेला धडा तिनं बिनचूक म्हणून दाखवला होता.

बक्षीस कशाचं मिळतंय हे कुत्रं ठरवतं, आपण नाही. १९०८ साली न्यूयॉर्क टाइम्सनं पॅरिसची एक बातमी छापली होती. सीन नदीत पडलेल्या मुलाला एका कुत्र्यानं वाचवलं, म्हणून त्याला मांसाचा मोठा तुकडा मिळाला. मग नदीत पडणाऱ्या मुलांची संख्या वाढू लागली. पाळत ठेवल्यावर कळलं, काठावर खेळणाऱ्या मुलांना हे महाशय स्वतःच पाण्यात ढकलत होते आणि लगेच उडी मारून वाचवत होते.

दुसरी भानगड हातांची. नमुना लपवणारा वडापाव खाऊन तसाच उघड्या हातानं डब्यांना शिवला, तर कुत्रं त्यानं हात लावलेला प्रत्येक डबा शोधून देतं. म्हणून हातमोजे घालायचे. पण मोजे फक्त नमुन्याच्याच डब्याला लागले, तर कुत्रं हातमोज्यांच्या वासात तरबेज होतं! त्यासाठी रिकाम्या डब्यांनाही तसेच मोजे, तशीच पिशवी आणि तशीच चिकटपट्टी लावावी लागते. जागाही बदलत्या ठेवाव्या लागतात. नमुना दर वेळी कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटात ठेवला, तर कुत्रं वास घ्यायचे कष्ट कशाला घेईल? ते दारातून थेट कपाटाकडे जातं.

कधी कधी कुत्रं बरोबर असतं आणि हसं मात्र त्याचंच होतं. मँचेस्टर विमानतळावरच्या शोधक श्वानांबद्दल २०१६ मध्ये तिथल्या सरकारी तपासनिसांचा अहवाल आला. पाहणीच्या काळात हेरॉईन-कोकेनसारखं काहीच सापडलं नव्हतं, पण सुट्टीहून परतणाऱ्या प्रवाशांच्या सामानातलं चीज आणि सॉसेज मात्र सापडत होतं. जगभरच्या वर्तमानपत्रांनी चेष्टा केली. पण बाहेरून आणलेले मांसाचे आणि दुधाचे पदार्थ शोधायला मुद्दाम शिकवलेलं कुत्रं तेच शोधणार. त्याला कुठं उभं करायचं हे माणसांनी ठरवलं होतं.

सगळ्यात चिवट चूक डोळ्यांना दिसत नाही. नमुना कुठं आहे हे हँडलरला ठाऊक असलं, की तिथं त्याची चाल मंदावते, पट्टा किंचित ताणला जातो, श्वास रोखला जातो. कुत्र्याला तेवढं पुरतं. २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी याची परीक्षा घेतली. एका चर्चमध्ये अठरा हँडलर आपापल्या कुत्र्यांसह आले. काही ठिकाणी लाल कागद चिकटवले होते आणि तिथं नमुना आहे असं हँडलरना सांगितलं होतं. प्रत्यक्षात अख्ख्या चर्चमध्ये कुठंच अमली पदार्थ नव्हते, स्फोटकंही नव्हती. तरी कुत्र्यानं खूण दिल्याचं हँडलरनी २२५ वेळा सांगितलं. कुत्र्यांना भुलवायला मुद्दाम लपवलेल्या सॉसेजपेक्षाही जास्त खुणा लाल कागदापाशी निघाल्या. आता लाल कागदाचा अर्थ काही कुत्र्यांना कळत नाही, तेव्हा काय ते समजा.

माग काढतानाही हेच. ‘श्वानाने महामार्गापर्यंत माग काढला व तेथेच ते घुटमळले’ हे वाक्य तुम्ही पेपरात कैकदा वाचलं असेल. चोर तिथून गाडीत बसला, तर वास तुटतो हे खरंच. पण चोर हायवेकडेच पळाला असणार असं हँडलरनं आधीच मनाशी धरलं असेल, तर कुत्र्याला भलतीकडे जावंसं वाटूनही पट्टा त्याला हायवेलाच नेतो. मग तिथं ते घुटमळणार नाही तर काय करणार?

यावर तोडगा एकच : सरावात नमुना कुठं आहे हे हँडलरलाही कळू द्यायचं नाही आणि त्याच्यासोबत उभ्या असलेल्या परीक्षकालाही नाही. काही खोल्या पूर्ण रिकाम्या ठेवायच्या. ‘इथं काही नाही’ हे उत्तरही बरोबर असू शकतं, हे कुत्र्यापेक्षा हँडलरच्या गळी उतरवणं जड जातं. अशा सरावात कुत्री मजेत शेपूट हलवत फिरतात आणि घाम हँडलरला फुटतो.

घरी कुत्रं पाळणाऱ्यांनाही हे सगळं लागू आहे. आमच्या सोसायटीतले एक आजोबा आपल्या लॅब्रॅडॉरला रोज सांगतात, ‘सिट. सिट. अरे, सिट ना बाळा!’ तो बरोबर ‘बाळा’वर बसतो. आजोबांची तक्रार, कुत्रं ऐकत नाही. मी त्यांना सांगितलं, ऐकतंय की! तुम्ही नुसतं ‘बाळा’ म्हणून बघा. त्यांनी म्हणून पाहिलं. कुत्रं बसलं, आणि शेजारच्या बाकाजवळ उभा असलेला त्यांचा नातूही बसला.